वाफ्यात रात्री बिया कुरतडणारे काळे भुंगेरे : मारू का ठेवू?

मातीहात
मंडळी, सल्ला पाहिजे. परवा रात्री पाणी बंद करायचं राहिलं म्हणून टॉर्च घेऊन वाफ्याकडे गेले, तर मातीवर चारपाच काळे भुंगेरे सुसाट पळत होते. एक मात्र पळाला नाही, त्याच्या तोंडात बी होतं. खाली बसून बघितलं. पुढच्या दोन पायांनी बी धरलेलं, जबड्यात ते गोल गोल फिरवत होता, आणि अगदी कान लावला तर कट् कट् असा आवाज येत होता (किंवा मला तसा भास झाला, रात्री साडेदहाला माणूस काहीही ऐकतो). दोनेक मिनिटांत टरफल बाजूला आणि आतला गर गायब. आता प्रॉब्लेम असा की त्याच वाफ्यात मी आठ दिवसांपूर्वी गाजर पेरलंय आणि उगवण एकदम विरळ आहे. म्हणजे हेच चोर ना? रंग काळा, पाय तांबूस, लांबी दीडेक सेंटीमीटर, पाठीवर उभ्या बारीक रेघा. जाणकारांनी प्रकाश टाकावा, नाहीतर मी उद्या काहीतरी फवारून मोकळी होते.

बांधकरी
फवारा आणि विषय संपवा. बी खाणारा किडा म्हणजे कीडच, त्यात काय चर्चा करायची.

अर्धवट_कीटकवेडा
ताई थांबा थांबा, फवारू नका!! आधी ओळख पटवू. एखादा पकडून डबीत घाला आणि चार गोष्टी बघा. मिशा दोऱ्यासारख्या बारीक आहेत की मण्यांच्या माळेसारख्या? पळतो की रमतगमत चालतो? तोंड पुढे सोंडेसारखं निघालंय का? आणि पकडल्यावर बोटाला आंबूस झणझणीत वास येतो का?

मातीहात
मिशा बारीक दोऱ्यासारख्या. पळतो म्हणजे काय, डबी धरेपर्यंत तीनदा निसटला. सोंड नाही. डोकं मात्र चांगलं रुंद आहे, मानेत घुसल्यासारखं. आणि हो, वास!! मुंग्या चिरडल्यावर येतो तसा. नाक झोंबलं.

अर्धवट_कीटकवेडा
मग झालं, ग्राउंड बीटल. कॅराबिडी कुळ, आपण जमिनीवरचे भुंगेरे म्हणू. जगात ह्यांच्या ४०,००० च्या आसपास जाती आहेत आणि बहुतेक शिकारी, म्हणजे अळ्या, मावा, गोगलगाई असलं खाणारे. पण त्यातल्या काही घराण्यांनी बियांची वाट धरलीय. मुख्य दोन, एक हार्पॅलसचा गोतावळा आणि दुसरा अमारा-झाब्रसचा. तुमचा रुंद डोक्याचा पाहुणा बहुधा पहिल्या गोतावळ्यातला, कारण तो जो वास आलाय ते फॉर्मिक आम्ल आहे, मुंग्यांचंच हत्यार. ह्या गोतावळ्यातले भुंगेरे शेपटाकडच्या ग्रंथींतून ते सोडतात. नक्की जात मी फोटोवरून सांगणार नाही, त्यात भल्याभल्यांची फजिती झालीये.

डोकं रुंद का, तर बी फोडायला ताकद लागते. डोक्यात जबड्याचे स्नायू ठासून भरलेले असतात. शिकारी भुंगेऱ्याचा जबडा लांब, टोकदार, विळ्यासारखा. बीखाऊचा आखूड, जाड, बोथट, म्हणजे सुरी आणि अडकित्ता एवढा फरक. भिंग असेल तर बघा, एकदा दिसला की परत चुकत नाही.

टॉर्चवाली
वाचनखूण साठवली. अडकित्ता आवडला :)

बांधकरी
अडकित्ता असो नाहीतर कात्री, गाजराचं काय ते सांगा.

अर्धवट_कीटकवेडा
सांगतो की दादा, दम धरा. हे भुंगेरे जे मातीच्या वर पडलंय ते आधी खातात. अमेरिकेत तीन जातींवर प्रयोग झालेत, बी पृष्ठभागावर ठेवलं तर खाल्लं जातं ते, अर्धा किंवा एक सेंटीमीटर माती टाकली की खाणं उतरलं. तिथेच असंही दिसलं की राजगिऱ्याच्या भाऊबंदातल्या तणाचं बारीक बी त्यांना मोठ्या, कडक बियांपेक्षा जास्त आवडतं. आता तुमचं गाजर किती खोल होतं आणि वर माती होती का उघडंच होतं?

मातीहात
अर्धा सेंटीमीटर असेल. खरं सांगायचं तर पाण्याने बरंच उघडं पडलं होतं, झारी जोरात धरली गेली. आणि बियांचं पाकीट गेल्या वर्षीचं आहे 😬

बीजबावरी
गेल्या वर्षीचं पाकीट, जोरात झारी, आणि आरोपी भुंगेरा. वा!! (हलके घ्या.)

बाकी भुंगेऱ्याला अगदी क्लीन चिट पण नको हं. ऑफोनस नावाचे भुंगेरे आहेत ते रानगाजराच्या कुळातल्या बियांचे खास शौकीन, फुलांच्या छत्रीवर चढून बसतात. गाजर म्हणजे त्यातलंच. त्यामुळे उघडं पडलेलं गाजराचं बी कुणी खाल्लं असेल तर मला नवल वाटणार नाही. माती टाकून दाबलं असतं तर वाचलं असतं एवढंच.

शंकेखोर
आणि हे "मित्रकीटक" प्रकरण जरा जास्तच गोड रंगवलं जातं म्हणून दोन खडे टाकतो. युरोपात झाब्रस टेनेब्रिऑइडेस नावाचा ह्याच कुळातला भुंगेरा आहे, तो गव्हाचे दाणे ओंबीतच खातो, आणि त्याची अळी तर त्याहून भारी, बिळात बसते आणि रात्री गव्हाची कोवळी पानं ओढून आत नेऊन चघळते. रीतसर कीड आहे ती. दुसरा हार्पॅलस रुफिपेस, त्याचं इंग्रजीतलं चालू नावच स्ट्रॉबेरी सीड बीटल. स्ट्रॉबेरीच्या अंगावर ज्या बारीक बिया असतात ना त्या खरवडून खातो, फळाला जखमा होतात, बाजारात कोण घेणार. मक्याचं बी थंड ओल्या मातीत रखडलं की ते पोखरणारे पण ह्यांचेच चुलतभाऊ आहेत.

अर्धवट_कीटकवेडा
शंकेखोर, सगळं मान्य. पण रुफिपेसचं दुसरं टोक पण सांगा ना. तोच भुंगेरा युरोपातल्या नांगरलेल्या शेतांत तणाच्या बिया खाणाऱ्यांमध्ये अगदी वरच्या नंबरावर असतो. झेक लोकांनी त्याला आणि त्याच्या एका भाऊबंदाला ६४ प्रकारच्या वनस्पतींच्या बिया देऊन बघितल्या, सगळ्या प्रकारांत तोंड घातलं पठ्ठ्यांनी, आवड कमीजास्त. त्याच कामात २३ जातींचे भुंगेरे घेऊन थिसल नावाच्या काटेरी तणाचं बी दिलं, तर सरासरी एका दिवसात स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा बी खाल्लं. माणसाच्या वजनाने हिशोब करून बघा म्हणजे कळेल.

भुंगेरा जेवढा मोठा तेवढं ते बी जास्त खपतं. छोटे भुंगेरे मात्र शेफर्ड्स पर्स म्हणून एक मोहरीच्या कुळातलं तण आहे, त्याच्या धुळीएवढ्या बियांवर खूश. म्हणजे वेगवेगळ्या मापाचे भुंगेरे असले की वेगवेगळ्या मापाच्या बिया उचलल्या जातात. एकाच जातीवर सगळं चालत नाही.

टॉर्चवाली
पण त्यांना बी सापडतं कसं, अंधारात? चाचपडत?

बीजबावरी
बराचसा वासाचा खेळ आहे. म्हणूनच ओलं, पाणी पिऊन फुगलेलं बी कोरड्यापेक्षा जास्त आवडतं असं हार्पॅलस पेनसिल्व्हॅनिकसवर दिसलंय, फुगलं की वास सुटतो आणि फोडायलाही सोपं जातं. त्याच भुंगेऱ्याची अजून एक गंमत. प्रतिजैविक देऊन त्याच्या आतड्यातले जिवाणू मारले तर त्याचं बी खाणंच कमी झालं! म्हणजे बी पचवायला पोटात भाडेकरू ठेवलेत आणि भाडेकरू गेले की जेवणच जात नाही.

मातीहात
अग्गोबाई. मग ते रोज कुठून येतात? दिवसा वाफ्यात एकही दिसत नाही. कुदळीने उकरलं तरी नाही.

अर्धवट_कीटकवेडा
आता खरा मुद्दा आला. ते वाफ्यात राहातच नसतील. तुमच्या वाफ्याच्या कडेला काय आहे?

मातीहात
एका बाजूला फरशी, रोज झाडलेली. दुसऱ्या बाजूला गवताचा पट्टा आहे हातभर रुंद, गुडघाभर वाढलंय, कापायचं राहून राहून वर्ष झालं. लाज वाटते म्हणून फोटोत घेत नाही कधी.

अर्धवट_कीटकवेडा
लाज कसली, तोच त्यांचा वाडा. गवताच्या झुबक्याच्या बुडाशी हात घालून बघा (हातमोजा घाला), बाहेर ऊन कडक असलं तरी आत दमट आणि गार लागेल. वाळलेली पानं, सैल माती, दगडाखालची फट असल्या जागी दिवस काढायचा आणि रात्री वाफ्यावर चरायला यायचं. थंडीच्या देशात तर पूर्ण हिवाळा अशा झुबक्यात काढतात.

ह्याच कल्पनेवर इंग्लंडात १९८० च्या दशकाच्या शेवटी मोठ्या शेतांच्या मधोमध मातीचे उंचवटे करून त्यावर झुबकेदार गवत लावलं, त्याला बीटल बँक म्हणतात, आपण भुंगेऱ्यांचा बांध म्हणू. कारण शेतं एवढी मोठी झाली होती की कडेच्या बांधावरून निघालेला भुंगेरा मध्यापर्यंत पोचेपर्यंत उशीर व्हायचा. दुसऱ्या हिवाळ्यात त्या गवतात एका चौरस मीटरला हजारावर शिकारी जीव सापडले. त्यात कोळी आणि बाकीचे भुंगेरे पण धरलेत, सगळे बीखाऊ नव्हेत, आणि मूळ हेतू मावा आटोक्यात ठेवायचा होता. पण राहायच्या जागेचं गणित दोघांचं सारखंच.

बीजबावरी
सगळेच गवतात राहतात असं मात्र नाही हं. अमारा घ्या, लंबगोल, पितळेसारखे चकाकणारे, त्यांना सन बीटल म्हणतात कारण भर उन्हात उघड्या मातीवर धावताना दिसतात. हार्पॅलसच्या बऱ्याच जातींना कोरडी, वाळूची, विरळ झाडीची जमीन लागते, दाट सावली झाली की गेले. आणि उष्ण प्रदेशातल्या पावसाळी जंगलात नोटिओबिया नावाचे आहेत ते वडपिंपळाच्या कुळातल्या झाडांची फळं खाली पडली की त्यातल्या बियांवर जगतात. झाड फळलं की गर्दी, संपलं की दुसरं झाड शोधा. म्हणजे "बीखाऊ भुंगेऱ्याचं घर" असा एकच पत्ता नाही, थोडी उघडी माती, थोडं गवत, एखादा दगड, फुलून बी धरणारं चारदोन रानटी झुडुप, असं ठिगळाठिगळाचं असलं की जास्त जातींची सोय होते.

अवांतर : ह्या कुळात काही आया बिळ खणून त्यात बिया साठवतात, अंडी घालतात आणि पिल्लांजवळ थांबतात. कार्टेरस नावाचे भुंगेरे आहेत, ते रानगाजराच्या कुळातल्या बियांचा साठा करतात. किड्यांमध्ये असली माया बघितली की मी कुदळ जरा हळू मारते.

बांधकरी
माया वगैरे ठीक. पण मी दरवर्षी खोल नांगरतो आणि तण गाडतो, ते चुकीचं का?

अर्धवट_कीटकवेडा
चूक असं नाही म्हणणार, पण दोन गोष्टी होतात. बी खोल गेलं की भुंगेऱ्याच्या तोंडातून सुटलं, आणि खाली ते वर्षानुवर्ष झोपून राहू शकतं, पुढच्या नांगरटीला परत वर. दुसरं म्हणजे ह्यांच्या अळ्या आणि कोष मातीतच असतात, रुफिपेसची अळी तर बिळात बियांचा साठा करून बसते, नांगराचा फाळ तिच्या घरावरून गेला तर काय उरणार. तण बी टाकून गेल्यावर काही आठवडे जमीन नुसती राहू दिली तर वर पडलेल्या बिया खायला त्यांना सवड मिळते. मग नांगरा की.

शंकेखोर
परत खडा. खाल्लेल्या बिया मोजणं सोपं आहे, तण कमी झालं हे दाखवणं अवघड. एका झाडाला हजारो बिया, त्यातल्या निम्म्या खाल्ल्या तरी उरलेल्या उगवायला जागा तेवढीच आहे, गर्दी कमी झाली म्हणून उरलेली रोपं उलट जोमाने वाढतात. दुसरं, हे जे जमिनीत पेले पुरून भुंगेरे मोजतात ना, पिटफॉल ट्रॅप, त्यात जो जास्त पळतो तो जास्त सापडतो. भुकेला भुंगेरा जास्त भटकतो, पोट भरलेला पडून राहतो. एका शेतातल्या पेल्यात एक आणि दुसऱ्यातल्या पेल्यात दहा आले म्हणजे तिथे दहापट आहेत असा अर्थ होत नाही.

बीजबावरी
पेल्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, म्हणून तर त्याला "हालचालीची घनता" म्हणतात, नुसती घनता नाही. तणाबद्दल मात्र अगदीच हवेत बोलणं चाललेलं नाहीये. ब्रिटनमध्ये २५७ शेतांची आकडेवारी घेऊन २०११ मध्ये एक अभ्यास छापला गेला, त्यात हे भुंगेरे आणि मातीतल्या तणबियांच्या साठ्यात होणारा बदल ह्यांचा संबंध दिसला, भुंगेरे जास्त तिथे साठा वाढायला आळा. संबंध म्हणजे कारण नव्हे हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते :) पण २५७ शेतं म्हणजे कुणाच्या परसातली दोन कुंड्या नाहीत.

शंकेखोर
हो, ते वजनदार आहे. तरी माझं म्हणणं, फक्त भुंगेऱ्यांच्या भरवशावर खुरपं टांगून ठेवू नका.

बीजबावरी
ते कुणीच म्हणत नाहीये. खुरपं राहूच दे हातात.

टॉर्चवाली
मातीहात ताई, तुम्ही घरीच प्रयोग करून बघा ना! खेळायच्या क्लेमध्ये बिया टोचून ठेवायच्या. त्या झेक लोकांनी पण तसंच केलं होतं असं मी वाचलं, पत्र्याच्या छोट्या ताटल्यांत प्लॅस्टिसिन आणि त्यात बिया अर्ध्या रुतवलेल्या. वाऱ्याने उडत नाहीत, मुंग्यांना उचलून पळता येत नाही, सकाळी किती गेल्या ते मोजायचं.

मातीहात
करते. क्ले घरात मुबलक आहे, मालकीण सहा वर्षांची आहे, परवानगी काढावी लागेल.

मातीहात
(तीन दिवसांनी) रिपोर्ट. बरणीची चार झाकणं घेतली, प्रत्येकात लाल क्ले थापली आणि तणाच्या २५-२५ बिया टोचल्या. दोन झाकणं गवताच्या कडेला, दोन फरशीच्या बाजूला, मातीच्या पातळीला. सकाळी चारही सफाचट!!! एक बी नाही. मी तर नाचायच्या बेतात होते. पण फरशीच्या बाजूला एवढे भुंगेरे आले कुठून हे काही पटेना.

शंकेखोर
क्लेवर दातांच्या खुणा आहेत का? दोन दोन समांतर ओरखडे?

मातीहात
...आहेत. आणि शेजारी काळी लेंडी पण आहे. 🤦

शंकेखोर
उंदीर. भुंगेऱ्यांच्या नावावर बिल फाडू नका. वरून जाळी टाका, सेंटीमीटरभर भोकांची, कडा मातीत दाबा. भुंगेरा आत जाईल, उंदीर नाही.

बांधकरी
हाहाहा. धागा वसूल.

मातीहात
(आणखी चार दिवसांनी) जाळी टाकून तीन रात्री केलं. दर वेळी गवताकडच्या झाकणांतून निम्म्याहून जास्त बिया गेल्या, फरशीकडच्या झाकणांतून दोन, तीन, एकदा एकही नाही. आणि ह्या वेळी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे बी पूर्ण गेलेलं नसतं, क्लेमध्ये टरफलाची अर्धी वाटी तशीच अडकलेली आणि आतलं पांढरं कोरून काढलेलं. शंकेखोर, माहितीये, चार झाकणं आणि तीन रात्री म्हणजे काही नाही.

शंकेखोर
मी काही बोललोच नाही :) जाळीच्या आत गोगलगाय जाऊ शकते एवढं लक्षात ठेवा, चिकट रेघ दिसली तर ते झाकण मोजू नका. बाकी छान केलंय.

अर्धवट_कीटकवेडा
झकास! टरफल मागे राहणं ही भुंगेऱ्याची सही समजा. आता फरशीच्या बाजूला एखादा चपटा दगड किंवा फळी टाकून बघा, खाली बोटभर सैल माती, आणि रोजचं झाडणं तेवढ्यात बंद. गवताच्या पट्ट्यापासून दगडापर्यंत थोडी पानं पसरून वाट करून दिली तर उत्तम. उघड्या फरशीवर त्यांना पक्षी, चिचुंद्री असल्यांची भीती असते, आडोसा असला की बिनधास्त फिरतात.

बांधकरी
बरं, मी पण एक कबूल करतो. काल रात्री बॅटरी घेऊन बांधावर गेलो होतो. आहेत. बरेच आहेत. एक तर गवताच्या तुऱ्यावर चढून बसला होता. ह्या वर्षी बांध जाळत नाही, बघू.

टॉर्चवाली
बांधकरी काका, फोटो!!

बांधकरी
फोटो काढेपर्यंत पळाला. तुमच्या भाषेत सुसाट.

मातीहात
फरशीच्या कडेला दगड ठेवून आज बारा दिवस झाले. सकाळी उचलला. खाली दोन भुंगेरे, एक लगेच भोकात शिरला, दुसरा तिथेच बसून राहिला, आणि त्याच्या शेजारी टरफलांचा चमचाभर ढीग. मी मोजायला घेतला आणि साठानंतर नाद सोडला. गाजर परत पेरलंय, ह्या वेळी नवीन पाकीट, वरून बोटभर माती नीट दाबून आणि झारी हळू धरून. (बोटभर जास्त होतं का?)

बीजबावरी
बोटभर?? गाजराला खूपच. एक सेंटीमीटर पुरे, नाहीतर भुंगेरा नाही खाणार आणि गाजर पण नाही येणार.

मातीहात
अरे देवा. जाते आणि उकरते.

ता.क. क्ले परत मागितली गेलीये. लाल गोळ्यात अजून दोन बिया आहेत, त्या काढायच्या नाहीत असं मालकिणीचं म्हणणं आहे, ते तिच्या ड्रॅगनचे डोळे आहेत.